चालणाऱ्या माणसाचे घड्याळ

मनगटावरचे ऑटोमॅटिक घड्याळ काढून कपाटात ठेवले, की दीड-दोन दिवसांत ते मुकाट्याने थांबते. त्याला बॅटरी नसते आणि रोज चावीही द्यावी लागत नाही. घालणाऱ्याच्या हाताची हालचाल हेच त्याचे इंधन. एकाहून अधिक घड्याळे बाळगणाऱ्या हौशी माणसापुढे म्हणूनच एक पेच उभा राहतो. न घातलेले घड्याळ थांबू द्यावे, की विजेवर फिरणाऱ्या पेटीत, म्हणजेच वाइंडरमध्ये ठेवून ते सतत चालते ठेवावे? शोरूमच्या काचेआड संथपणे गरगरणाऱ्या या पेट्या आता मोठ्या शहरांत अपरिचित राहिलेल्या नाहीत. पण घड्याळाने चालत राहावे की थांबावे, हा प्रश्न या पेट्यांपेक्षा पुष्कळ जुना आहे. जवळपास अडीचशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका घड्याळजीने चावीविना चालणारे घड्याळ दरबारी मंडळींच्या खिशात पोहोचवले आणि पुढची चाळीस वर्षे तो घड्याळाच्या चालण्या-थांबण्याशीच झुंजत राहिला. आब्राहम-लुई ब्रेगे हे त्याचे नाव.

ब्रेगे यांचा जन्म १० जानेवारी १७४७ रोजी न्यूशातेल येथे झाला. आज हे गाव स्वित्झर्लंडमध्ये असले, तरी त्या काळी तेथे प्रशियाच्या राजाची सत्ता होती. आब्राहम अकरा वर्षांचा असताना, १७५८ मध्ये, त्याचे वडील वारले. आईने पुढे जोसेफ ताते यांच्याशी विवाह केला. ताते यांचे घराणे घड्याळांच्या व्यवसायातले होते आणि पॅरिसशी त्यांचा व्यापारी संबंध होता. सावत्र वडिलांमुळेच मुलाची आणि घड्याळाच्या दंतचक्रांची गाठ पडली. १७६२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो व्हर्साय येथील एका घड्याळजीकडे शिकाऊ म्हणून दाखल झाला.

दिवसा हत्यारे आणि संध्याकाळी गणित, असा त्याचा क्रम होता. पॅरिसच्या कोलेज माझारँमध्ये आबे मारी हे विद्वान धर्मगुरू गणित शिकवीत असत. त्यांच्या सायंवर्गात हा तरुण कारागीर बसू लागला. त्या काळातील बहुतेक घड्याळजी गुरूच्या हाताकडे पाहून शिकत. ब्रेगे यांना हातासोबत हिशेबाचीही जोड मिळाली. शिवाय आबे मारी यांची दरबारात ऊठबस होती. या बुद्धिमान शिष्याचे नाव त्यांच्यामुळे राजवाड्यापर्यंत पोहोचले.

१७७५ मध्ये ब्रेगे यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी त्यांनी पॅरिसमधील इल द ला सिते या बेटावर स्वतःची कार्यशाळा थाटली. ज्या घाटावर ती होती त्याचे नाव के द लॉर्लोज, म्हणजे घड्याळाचा घाट. शेजारच्या जुन्या राजवाड्याच्या बुरुजावरील सार्वजनिक घड्याळावरून हे नाव पडलेले. पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याचे नाव आंत्वान-लुई. पण १७८० मध्ये पत्नीचे निधन झाले. तेहतीस वर्षांच्या ब्रेगे यांच्या पदरी चार वर्षांचा मुलगा होता. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. ज्या वर्षी घर असे उणे झाले, त्याच वर्षी कार्यशाळेतून त्यांचे पहिले नामांकित घड्याळ बाहेर पडले. ते ड्यूक ऑफ ऑर्लिआन्ससाठी बनवलेले, चावीविना चालणारे घड्याळ होते.

ही कल्पना मुळात ब्रेगे यांची नव्हे. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या गावचे कारागीर आब्राहम-लुई पेर्ले यांनी १७७० च्या दशकातच असे घड्याळ बनवले होते. पंधरा मिनिटे चालल्यावर ते आठ दिवस चालू शकते, अशी नोंद जिनिव्हाच्या कलासंस्थेने १७७७ मध्ये केली आहे. लिएजच्या उबेर सार्तों यांनीही १७७८ मध्ये आपल्या रचनेचे वर्णन पॅरिसच्या विज्ञान अकादमीला सादर केले होते. कल्पना तिघांच्या हाती होती. ती भरवशाची करून ग्राहकाच्या खिशात टिकवण्याचे काम ब्रेगे यांनी केले.

त्यांच्या घड्याळाचे नाव होते पेर्पेत्युएल, म्हणजे अखंड चालणारे. घड्याळाच्या आत एका कडेला आसावर बसवलेले जड वजन असे आणि एक हलकी स्प्रिंग त्याला वर तोलून धरीत असे. वजन जड असावे म्हणून त्यासाठी प्लॅटिनम वापरले जाई. घड्याळाचा धनी चालू लागला, की प्रत्येक पावलागणिक हे वजन वर-खाली झुले आणि त्या झोक्याने मुख्य स्प्रिंग थोडी थोडी गुंडाळली जाई. स्प्रिंग एकाऐवजी दोन डब्यांत विभागलेली असल्याने ताण समान राही आणि साठाही अधिक मिळे. तबकडीवर एक छोटा काटा किती साठा उरला आहे हे दाखवीत असे.

या रचनेतला एक बारकावा आजच्या वाइंडरच्या चर्चेत आवर्जून आठवावा असा आहे. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली गेली, की एक छोटी तरफ पुढे सरके आणि वजनाला जागच्या जागी अडकवून ठेवी. धनी कितीही चालला तरी घड्याळ आणखी ताण घेत नसे. साठा थोडा उतरला की तरफ मागे हटे आणि वजन पुन्हा झुलू लागे. सतत चालणाऱ्या यंत्रालाही पुरे म्हणता आले पाहिजे, हे ब्रेगे यांनी त्यात बसवून ठेवले होते. १७८२ मध्ये असे एक घड्याळ राणी मारी आंत्वानेत हिच्याकडे गेले. त्यानंतर दरबारात ब्रेगे यांच्या घड्याळांना मागणी वाढली.

१७८३ मध्ये राणीच्या रक्षक दलातील एका अधिकाऱ्याने ब्रेगे यांच्याकडे एक विलक्षण काम सोपवले, असे मानले जाते. राणीसाठी असे घड्याळ करायचे, की त्या काळी ठाऊक असलेली प्रत्येक करामत त्यात असावी. खर्चाची मर्यादा नाही, मुदतही नाही. जेथे शक्य असेल तेथे इतर धातूंऐवजी सोने वापरायचे. ब्रेगे यांच्या वहीत या घड्याळाला १६० हा क्रमांक मिळाला. चावीविना चालणे, मागितल्यावर तास आणि मिनिटे वाजवून सांगणे, लीप वर्षासह पंचांग आपोआप दाखवणे, सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतील फरक दाखवणे, तापमान दाखवणे, हे सारे त्यात सामावायचे होते. आठशेहून अधिक भागांचे ते यंत्र होते. राणीच्या पावलांवर चालावे म्हणून योजलेले हे घड्याळ पुढे चव्वेचाळीस वर्षे अपुरे राहणार होते, याची तेव्हा कोणाला कल्पना असणार?

दरम्यान फ्रान्समध्ये क्रांतीचा वणवा पेटला. ब्रेगे यांचे ग्राहक राजघराण्यातले, तर स्नेह क्रांतिकारक मारा याच्याशी. दोघेही न्यूशातेलच्या मुलखाशी नाते सांगणारे. खवळलेल्या जमावातून ब्रेगे यांनी मारा याला म्हातारीच्या वेशात बाहेर काढले आणि त्या उपकाराची फेड म्हणून मारा याने त्यांना देशाबाहेर जाण्याचा परवाना मिळवून दिला, अशी कथा सांगितली जाते. कथा बाजूला ठेवली, तरी १७९३ च्या उन्हाळ्यात ब्रेगे यांनी कुटुंबासह पॅरिस सोडले, हे निश्चित. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला मारी आंत्वानेतचा शिरच्छेद झाला. कैदेत असताना तिने ब्रेगे यांचे एक साधे घड्याळ मागवले होते, असे म्हणतात. ज्या राणीसाठी जगातले सर्वांत गुंतागुंतीचे घड्याळ आकाराला येत होते, तिला शेवटच्या दिवसांत केवळ वेळ सांगणारे घड्याळ पुरेसे वाटले असावे.

जिनिव्हा, न्यूशातेल आणि ल लोक्ल येथे ब्रेगे यांनी जवळपास दोन वर्षे काढली. पॅरिसमधली कार्यशाळा ओस पडली होती आणि जुने ग्राहक परागंदा झाले होते. या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी पुढच्या कामाचे आराखडे मनात पक्के केले. १७९५ मध्ये ते पॅरिसला परतले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते. बहुतेक माणसे ज्या वयात हत्यारे खाली ठेवण्याचा विचार करतात, त्या वयात त्यांच्या कामाचा सर्वांत समृद्ध काळ सुरू झाला.

नव्या काळाला नवे ग्राहक हवे होते. ब्रेगे यांनी एकच काटा असलेले, मोठ्या आकाराचे, साधे घड्याळ आखले. किमतीचा चौथा हिस्सा आगाऊ भरायचा आणि उरलेली रक्कम घड्याळ हाती आल्यावर द्यायची, अशी योजना होती. सुस्रिप्स्यों या नावाने ओळखले जाणारे हे घड्याळ चावीचे होते. त्यात भाग कमी, त्यामुळे बिघाड कमी आणि कोणत्याही कुशल घड्याळजीला ते दुरुस्त करता येई. पेर्पेत्युएल मात्र मोजक्याच धनिकांपुरते राहिले. ते खर्चीक होते, गुंतागुंतीचे होते, आणि खिशात निश्चल असणाऱ्या घड्याळाला मनगटासारखी भरपूर हालचाल मिळत नाही, ही अडचण होतीच. तरीही १७९८ मध्ये इजिप्तच्या मोहिमेवर निघण्यापूर्वी तरुण सेनापती नेपोलियन बोनापार्ट याने ब्रेगे यांच्याकडून तीन वस्तू घेतल्या. त्यांत एक चावीविना चालणारे घड्याळ होते. सतत फिरतीवर असणाऱ्या माणसासाठी ते योग्यच होते.

ब्रेगे यांची खरी झुंज मात्र वंगणाशी होती. त्या काळातील वंगण प्राण्यांच्या चरबीपासून किंवा वनस्पतींपासून काढलेले तेल असे. काही काळाने ते घट्ट होई, चिकट होई, आटून जाई. घड्याळ पेटीत पडून असो वा खिशात चालत असो, तेल बिघडत राहीच. चालत्या घड्याळात त्या घट्ट तेलात धूळ मिसळून आसांची झीज होई, एवढाच काय तो फरक. म्हणूनच घड्याळाच्या ठोक्यांचे नियमन करणारा भाग तेलाविना चालावा, यासाठी ब्रेगे यांनी दोन चक्रांची एक स्वतंत्र रचना केली. तिला ते नैसर्गिक रचना म्हणत. ती सर्वत्र रूढ झाली नाही. पण शत्रू कोण आहे हे त्यांनी अचूक ओळखले होते. न वापरलेल्या घड्याळाला धोका थांबण्याचा नसतो, तर आतले वंगण जुने होण्याचा असतो.

घड्याळ कोणत्या स्थितीत ठेवले आहे, यावरही त्याची चाल अवलंबून असते, हेही त्यांनी हेरले होते. खिशात उभे राहणारे घड्याळ एक चाल दाखवी आणि मेजावर आडवे ठेवलेले दुसरी. उभ्या स्थितीत गुरुत्वाकर्षणामुळे तोलचक्राच्या गतीत जी चूक येते, ती भरून काढण्यासाठी त्यांनी नियमन करणारा सारा भागच एका फिरत्या पिंजऱ्यात बसवला. ठरावीक वेळात पिंजरा एक फेरी पूर्ण करी आणि वेगवेगळ्या दिशांच्या चुका एकमेकींना छेदून जात. २६ जून १८०१ रोजी त्यांना या तूर्बियोंचा दहा वर्षांचा हक्क मिळाला. १७९० मध्येच त्यांनी आणखी एक सोय केली होती. घड्याळ पडले तर तोलचक्राचा नाजूक आस तुटू नये म्हणून त्याला लवचिक पट्टीचा आधार दिला होता. या सर्व शोधांमागे एकच गृहीत होते. घड्याळ माणसाच्या अंगावर असणार, हलणार, धक्के खाणार.

अंगावरून उतरवलेल्या घड्याळाचाही विचार ब्रेगे यांनी केला. त्यातून निघालेले यंत्र म्हणजे पाँद्यूल सिंपातिक. हे एक अचूक मेजघड्याळ असे आणि त्याच्या माथ्यावर खिशातल्या घड्याळासाठी खोबण असे. रात्री झोपताना धन्याने आपले घड्याळ त्या खोबणीत ठेवायचे. ठरलेल्या वेळी मोठ्या घड्याळातून एक बारीक दांडा वर येई आणि लहान घड्याळाचा काटा योग्य वेळेवर आणून ठेवी. सकाळी घड्याळ उचलले, की ते बरोबर लागलेले मिळे. ब्रेगे यांच्या निधनानंतर, १८३५ मध्ये, त्यांच्या पेढीने तरुण ड्यूक ऑफ ऑर्लिआन्ससाठी जे सिंपातिक केले, ते वेळ लावण्याबरोबर घड्याळाला चावीही देत असे. वाइंडरचा पूर्वज शोधायचा झाला, तर तो या राजेशाही मेजघड्याळात सापडतो. पण फरकही ध्यानात घ्यावा. सिंपातिक हे रोज अंगावर वागवल्या जाणाऱ्या घड्याळाला रात्रभर सांभाळणारे यंत्र होते. महिनोन्‌महिने कपाटात बसणाऱ्या घड्याळाला फिरवत ठेवणे, हे त्याचे काम नव्हते.

उत्तरायुष्यात ब्रेगे यांना मानसन्मानांची कमतरता पडली नाही. नेपोलियनची बहीण आणि नेपल्सची राणी कारोलिन म्युरा हिने १८१० मध्ये मनगटावर बांधण्याच्या घड्याळाची मागणी नोंदवली आणि १८१२ मध्ये ते तिच्या हाती पडले. ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या मनगटी घड्याळांत त्याची गणना होते. १८१५ मध्ये फ्रेंच नौदलाचे घड्याळजी, १८१६ मध्ये विज्ञान अकादमीचे सदस्य, अशी पदे त्यांच्याकडे चालत आली. राजे बदलले, सत्ता उलथल्या, पण घड्याळाच्या घाटावरचे दुकान उघडे राहिले. १७ सप्टेंबर १८२३ रोजी पॅरिसमध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, ब्रेगे यांचे निधन झाले. पेर लाशेझ दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

राणीचे घड्याळ तेव्हाही अपुरे होते. मुलगा आंत्वान-लुई याच्या देखरेखीखाली ते १८२७ मध्ये पुरे झाले. राणीला जाऊन चौतीस वर्षे लोटली होती, आणि कर्त्याला चार. पुढे ते एका उमरावाकडे गेले. १८३८ मध्ये ते पेढीकडे दुरुस्तीला आले आणि न्यायला कोणी परत आलेच नाही. कालांतराने ते ब्रेगे यांच्या कामाचे मोठे संग्राहक डेव्हिड सॉलोमन्स यांच्याकडे पोहोचले. त्यांच्या कन्येने जेरुसलेममध्ये स्थापन केलेल्या एल. ए. मायर इस्लामी कला संग्रहालयात ते ठेवण्यात आले. १५ एप्रिल १९८३ च्या रात्री तेथे चोरी झाली आणि शंभरावर घड्याळांसह हे घड्याळही नाहीसे झाले. तब्बल वीसहून अधिक वर्षे ते दडवलेल्या खोक्यात पडून होते. ते परत मिळाल्याची वार्ता २००७ मध्ये जगाला कळली. माणसाच्या चालण्यावर चालावे म्हणून घडवलेले हे घड्याळ आपल्या आयुष्याचा बहुतांश काळ थांबलेलेच राहिले. थांबल्यामुळे ते मेले मात्र नाही.

ब्रेगे यांच्यानंतर चावीविना चालणारे घड्याळ जवळजवळ शंभर वर्षे मागे पडले. मनगटी घड्याळांचा जमाना आल्यावर जॉन हारवुड या इंग्रज कारागिराने १९२० च्या दशकात त्याला पुन्हा जिवंत केले आणि १९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण वर्तुळात फिरणाऱ्या वजनाचे घड्याळ आणले. ब्रेगे यांच्या अडकवणाऱ्या तरफेची जागा आता घसरणाऱ्या स्प्रिंगने घेतली आहे. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली गेली, की तिचे टोक डब्याच्या भिंतीवर सरकते आणि जादा ताण निघून जातो. त्यामुळे वाइंडरमध्ये घड्याळाला अति चावी बसेल ही भीती सहसा निराधार ठरते. वंगणही आता कृत्रिम असते आणि जुन्या तेलासारखे लवकर घट्ट होत नाही. घड्याळ थांबले तर तेल गोठेल, म्हणून ते फिरवत ठेवा, हा सल्ला ब्रेगे यांच्या काळातील तेलाचा आहे, आजच्या नव्हे.

मग वाइंडर हवा कोणाला? उत्तर राणीच्या घड्याळातच आहे. ज्या घड्याळात लीप वर्षापर्यंतचे पंचांग आहे, चंद्राच्या कला आहेत, ते थांबले की पुन्हा लावताना बरेच सोपस्कार करावे लागतात, आणि चुकीच्या वेळी तारीख पुढे ढकलली तर यंत्रणेला इजाही होऊ शकते. अशा घड्याळासाठी वाइंडर ही खरी सोय आहे. मात्र तो घड्याळाला लागतील तेवढेच फेरे देणारा, योग्य दिशेने फिरणारा आणि मोटरीचे चुंबकत्व घड्याळापर्यंत पोहोचू न देणारा असावा. तास, मिनिटे आणि फार तर तारीख दाखवणाऱ्या घड्याळाला त्याची गरज नाही. चालते यंत्र झिजते, थांबलेले झिजत नाही. ते उचलावे, शिरोभागाची कळ थोडी फिरवून त्याला चावी द्यावी, वेळ लावावी आणि घालावे. पेटीवर होणारा खर्च चार-पाच वर्षांनी एखाद्या चांगल्या घड्याळजीकडून सफाई आणि वंगण करून घेण्यासाठी ठेवला, तर घड्याळाचे अधिक भले होईल.

ब्रेगे यांनी आपल्या घड्याळाला अखंड हे नाव दिले, पण ते स्वतःहून अखंड चालेल असा दावा त्यांच्या रचनेत कोठेच नव्हता. त्याला पावले लागत. क्रमांक १६० आज जेरुसलेमच्या संग्रहालयात काचेआड आहे. त्याचे प्लॅटिनमचे वजन झुलायला सज्ज आहे. ज्या राणीच्या चालण्यासाठी ते तोलून बसवले होते, ती मात्र एकदाही ते घेऊन चालू शकली नाही.